सोनोग्राफी फक्त गरोदरपणातच नसते

सोनोग्राफी म्हटले की आपल्या वस्तीत डोळ्यांसमोर येते ती गरोदर सून किंवा लेक. डॉक्टर चिठ्ठी देतात, ती पाणी पिऊन रांगेत बसते, आणि "बाळ व्यवस्थित आहे" हे ऐकून घरी येते. त्यामुळे आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी सांगितले, "बाबांची सोनोग्राफी केली, छातीत पाणी दिसतंय," तर घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. बाबांना तर दम लागतोय, मग सोनोग्राफी कशाला? ती खोलीत न नेता खाटेवरच कशी केली? रिपोर्ट कुठे आहे? बिल वाढवायला तर केली नाही ना?

हे प्रश्न चुकीचे नाहीत. ज्याला लुटले जाण्याचा अनुभव आहे, तो शंका घेणारच. पण आयसीयूमध्ये कधी कधी निर्णयाला दहा-पंधरा मिनिटेच असतात. तेव्हा घरच्यांना ही तपासणी काय आहे हे आधीच माहीत असले, तर वेळ वाचतो आणि डॉक्टरांना नेमके प्रश्नही विचारता येतात. म्हणून या अंकात आम्ही आयसीयूतल्या खाटेजवळच्या सोनोग्राफीची माहिती देत आहोत.

हे मशीन करते काय?

विहिरीत वाकून हाक मारली की आवाज खालून परत येतो. सोनोग्राफी हेच करते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा आवाज सेकंदाला 20 लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. हातात धरायच्या प्रोबमधून तो शरीरात जातो, आतल्या अवयवांवर आदळून परत येतो आणि मशीन त्याचे पडद्यावर चित्र करते. त्वचेवर लावतात ती थंड जेली म्हणजे औषध नव्हे. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज आत जात नाही, म्हणून ती लावतात.

यात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण नसतात. दुखत नाही, सुई टोचत नाही. म्हणूनच एकाच रुग्णाची तपासणी दिवसातून तीन-चार वेळाही करता येते. "सारखी सारखी सोनोग्राफी करून बाबा अजून खचतील" ही भीती मनातून काढून टाकावी.

हे यंत्र गरोदर बाईसाठी निघाले असेही नाही. 1953 साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी आवाजाच्या लाटांनी हृदयाची हालचाल टिपली. 1958 साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत पोटातल्या गाठींवरचा लेख प्रसिद्ध केला. धातूच्या वस्तूंमधल्या भेगा शोधण्याची युक्ती त्यांनी माणसाच्या शरीरासाठी वापरली होती. पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे समजल्या गेलेल्या एका बाईची त्यांनी तपासणी केली, तेव्हा ती बीजकोशाची पाण्याची गाठ निघाली. शस्त्रक्रियेने ती काढता आली. म्हणजे सुरुवातीपासूनच या यंत्राचे काम एकच आहे : बाहेरून अंदाज बांधण्यापेक्षा आत पाहणे.

आपण रोज धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. आजाराच्या बाबतीतही हीच वृत्ती हवी. कोणाची नजर लागली, काय बाहेरचे झाले, हे शोधत बसण्यापेक्षा फुप्फुसात पाणी आहे का आणि हृदय किती जोराने चालते आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

खाटेवरच का करतात?

आयसीयूतला रुग्ण म्हणजे नळ्यांनी बांधलेला माणूस. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांचे पंप, लघवीची नळी. अशा रुग्णाला सीटी स्कॅनच्या खोलीपर्यंत न्यायचे तर सोबत डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि ऑक्सिजनचा सिलिंडर लागतो. लिफ्टमध्ये, बोळात, स्ट्रेचरवर घेताना एखादी नळी निघू शकते, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे मशीनच रुग्णाकडे आणतात. चाकांच्या गाड्यावर बसवलेले किंवा लॅपटॉपएवढे मशीन खाटेला लावले की पाच-दहा मिनिटांत पहिले उत्तर मिळते.

सोनोग्राफी विभागात होते ती सविस्तर तपासणी. तिथे रेडिऑलॉजिस्ट सगळे अवयव पाहून टाईप केलेला रिपोर्ट देतात. खाटेजवळ मात्र आयसीयूचे डॉक्टर स्वतः एखाद-दुसऱ्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर शोधतात. दम कशामुळे लागतोय? रक्तदाब का पडला? लघवी का थांबली? त्यामुळे दर वेळी हातात फिल्म किंवा छापील रिपोर्ट मिळतोच असे नाही. पण काय दिसले याची नोंद केसपेपरवर व्हायला हवी. ती झाली का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

फुप्फुस : दम कशामुळे लागतोय?

फुप्फुसात हवा असते आणि हवेतून हा आवाज नीट जात नाही. म्हणून "फुप्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही" असे डॉक्टरही अनेक वर्षे मानत होते. फ्रान्समधले आयसीयूचे डॉक्टर डॅनियल लिश्टेनश्टाईन यांनी चिकाटीने दाखवून दिले, की फुप्फुस आजारी पडले की पडद्यावरच्या खुणा बदलतात आणि त्या खुणा वाचता येतात. 2008 साली त्यांनी अचानक गंभीर दम लागलेल्या 260 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरलेल्या पायऱ्यांनी केलेल्या सोनोग्राफीने 90.5 टक्के रुग्णांत दम लागण्याचे कारण बरोबर ओळखले होते.

ह्या खुणा समजायला अवघड नाहीत. निरोगी फुप्फुसाचे आवरण प्रत्येक श्वासाला छातीच्या आतल्या बाजूवर मागे-पुढे सरकते, आणि पडद्यावर ते सरकणे दिसते. फुप्फुस पाण्याने भिजले असेल तर पडद्यावर वरून खाली उजेडाच्या शेपट्या उतरतात. निमोनियात फुप्फुसाचा तो भाग हवेऐवजी घट्ट, यकृतासारखा दिसू लागतो. छातीच्या पोकळीत पाणी साचले असेल तर काळा पट्टा दिसतो. टीबीमध्येही असे पाणी होते.

फुप्फुसाला भोक पडून बाहेर हवा साचली, तर ते सरकणे थांबलेले दिसते. झोपलेल्या रुग्णाच्या छातीच्या एक्स-रेत ही हवा बऱ्याचदा निसटते. अशा रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 साली घेतला गेला. त्यात असे दिसले, की ही हवा साचलेल्या 100 पैकी साधारण 91 जणांत सोनोग्राफीने ती सापडते, तर झोपवून काढलेल्या एक्स-रेत साधारण 47 जणांतच सापडते. वेळेवर नळी घातली नाही तर अशा रुग्णाचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा फरक मोठा आहे.

हृदय, पाय आणि लघवी

रक्तदाब पडला की कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. हृदयाचा पंपच कमजोर झाला असेल तर एक उपचार. हृदयाभोवती पाणी साचून ते दाबले जात असेल तर ते पाणी काढावे लागते. शरीरातले रक्त किंवा पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढावे लागते. बाहेरून तिन्ही रुग्ण सारखेच दिसतात : हातपाय गार, घाम, नाडी जोरात. प्रोब छातीवर ठेवला की डॉक्टरांना पहिला रस्ता दिसतो.

बरेच दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो. म्हणून दम छातीत असला तरी डॉक्टर मांडीवर आणि गुडघ्यामागे प्रोब लावतात.

लघवी थांबली तर पहिला प्रश्न : किडनी लघवी बनवत नाही, की लघवी बनून मूत्राशयात अडकली आहे? ओटीपोटावर प्रोब ठेवला की मूत्राशय भरलेले आहे की रिकामे, ते लगेच कळते. कधी कधी नळीच अडकलेली असते आणि ती बदलली की काम होते.

मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतानाही हे मशीन लागते. त्या शिरेच्या अगदी शेजारून मेंदूकडे जाणारी धमनी जाते. पूर्वी अंदाजाने सुई घालत. सोनोग्राफीत सुई कुठे चालली ते दिसते, त्यामुळे चुकून धमनीला टोचण्याचा धोका कमी होतो. ब्रिटनमध्ये 2002 सालीच मानेतल्या या नळीसाठी सोनोग्राफी वापरण्याची शिफारस झाली होती.

"सलाईन लावा ना डॉक्टर"

आपल्या वस्तीत अशक्तपणा आला की सलाईन, ताप आला की सलाईन. बाटली लागली म्हणजे उपचार झाला, असा समज पक्का आहे. पण साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, फार तर थोडी साखर. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते जीवदान आहे. तेच सलाईन कमजोर हृदयाच्या किंवा किडनी बंद पडलेल्या माणसाला जास्त झाले, तर पाणी फुप्फुसात उतरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो.

डेंग्यूचे उदाहरण घेऊ. दर पावसाळ्यात हा आजार आपल्या दारात येतो. गंभीर डेंग्यूमध्ये रक्तातले पाणी शिरांमधून बाहेर झिरपते. सोनोग्राफीत पोटात आणि छातीत पाणी आणि पित्ताशयाची सुजलेली भिंत दिसते. बहुतेकदा हे ताप उतरू लागतो त्याच दिवसांत होते, जेव्हा घरचे म्हणतात, "आता बरं वाटतंय, घरी नेऊ." याच वेळी रक्तदाब पडू शकतो. तेव्हा सलाईन कमी पडले तरी धोका आणि जास्त झाले तरी धोका. म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या, लघवीचे माप, नाडी, रक्तदाब आणि खाटेजवळची सोनोग्राफी असे सगळे मिळून दर काही तासांनी सलाईनचा वेग ठरवतात. डॉक्टरांनी सलाईन कमी केले तर ते रुग्णाकडे दुर्लक्ष करत आहेत, असे लगेच समजू नये. "का कमी केलं?" असे शांतपणे विचारावे.

ताप उतरताना जोरात पोट दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

या मशीनला काय दिसत नाही?

आम्ही मशीनचा उदोउदो करत नाही. हाडामागचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून मोठ्या माणसाच्या मेंदूतला रक्तस्राव शोधायला सीटी स्कॅनच लागतो. आतड्यात गॅस जास्त असेल, अंगावर खूप सूज किंवा चरबी असेल, जखमेवर पट्ट्या असतील तर चित्र धूसर येते. फुप्फुसाच्या आत खोलवर असलेला आजार निसटू शकतो.

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे हात आणि डोळा. तेच मशीन शिकलेल्या डॉक्टरच्या हातात खरे सांगते आणि न शिकलेल्याच्या हातात फसवते. म्हणून रुग्णाची लक्षणे, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे यांच्याशी ते ताडून पाहावेच लागते. "सोनोग्राफी नॉर्मल" म्हणजे आजार नाही असे नव्हे. आणि सोनोग्राफी हा उपचार नव्हे. ती फक्त उपचाराची दिशा दाखवते.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी असते. मुलींचे गर्भ पाडण्यासाठी या यंत्राचा भयंकर गैरवापर झाला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला. 1994 साली केंद्राचा कायदा झाला आणि 2003 साली तो आणखी कडक झाला. म्हणून आयसीयूतले मशीनही नोंदणीकृत असावे लागते. ते फक्त हृदय-फुप्फुस पाहण्यासाठी आणले असले तरीही. लहान, उचलून नेता येणारे मशीनही नोंदणी झालेल्या रुग्णालयातच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरता येते. कोणी पिशवीतून मशीन आणून वस्तीत घरोघरी "तपासणी" करत असेल तर तो गुन्हा आहे. अशा माणसाला दारात उभे करू नका, तक्रार करा.

कायदा कडक आहे याचा अर्थ आयसीयूत सोनोग्राफी करायला बंदी आहे, असा नाही. लेकींना वाचवणारा कायदाही हवा आणि रुग्णाला वाचवणारे मशीनही हवे.

खर्च आणि हक्क

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मंजूर झाला असेल, तर त्या पॅकेजमध्ये तपासण्यांचा खर्च धरलेला असतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रुग्ण दाखल होताच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. सोनोग्राफीचे पैसे वेगळे मागितले तर आधी त्याला विचारावे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटून तसा अर्ज करावा. खासगी रुग्णालयात प्रत्येक गोष्टीची रक्कम वेगळी लिहिलेले बिल मागावे. केसपेपरची प्रत लेखी मागितली तर ती 72 तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

घरच्यांनी काय करावे?

आयसीयूबाहेर दहा जणांनी दहा प्रश्न विचारण्यापेक्षा घरातल्या एकाच व्यक्तीने बोलावे. तिच्याकडे वही असावी. लेक कॉलेजात शिकत असेल तर तिला पुढे करावे, "पोरीला काय कळतंय" म्हणू नये. डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारावेत :

1. सोनोग्राफी कशासाठी केली, कोणता प्रश्न होता?
2. काय दिसले? आणि त्यामुळे उपचारात काय बदलले?
3. पुन्हा कधी करणार? सीटी स्कॅन किंवा दुसरी तपासणी लागेल का?
4. याची नोंद केसपेपरवर झाली का?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर साध्या मराठीत मिळायला हवे. समजले नाही तर "साहेब, पुन्हा सांगा" किंवा "मॅडम, पुन्हा सांगा" म्हणायला लाजू नये.

नुसत्या सोनोग्राफीला सहसा वेगळी सही लागत नाही. पण छातीतले किंवा पोटातले पाणी सुईने काढायचे असेल तर सही घेतात. काय करणार, धोका काय, न केल्यास काय होईल, हे समजून घ्यावे आणि मग सहीला उशीर लावू नये. "पाणी काढलं की माणूस मरतो" ही वस्तीतली अफवा आहे. पाणी साचून गुदमरणाऱ्या माणसाला ते काढल्यावर श्वास घेता येतो.

स्त्री रुग्णाच्या छातीची तपासणी असेल तर पडदा लावणे, अंग गरजेपुरतेच उघडणे आणि शक्यतो सिस्टर किंवा मावशी जवळ असणे, हे मागायला संकोच नको. एका रुग्णाचा प्रोब दुसऱ्याला लावण्याआधी पुसून निर्जंतुक केला का, हेही नम्रपणे विचारता येते.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः पाणी घातले आणि आनंदांनी त्याला धुतले, ही विनयपिटकातली हकिकत आपल्याला माहीत आहे. रुग्णाला एकटे टाकायचे नाही, हा धडा त्यातून मिळतो. आजच्या काळात आयसीयूच्या दारात शुद्धीवर राहून नीट माहिती घेणे, हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

एक काम मात्र एकट्या घराने होणारे नाही. आपल्या भागातल्या शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयाच्या आयसीयूत खाटेजवळ वापरता येणारे सोनोग्राफी मशीन आहे का? असेल तर ते चालू आहे का? रात्री ते वापरता येणारे डॉक्टर असतात का? बुद्धविहाराच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. माहिती अधिकारात अर्ज करा, नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी निवेदन द्या. पैसेवाला माणूस चांगले मशीन शोधत दुसऱ्या रुग्णालयात जाईल. आपला माणूस मात्र रात्री दोन वाजता सरकारी रुग्णालयाच्याच दारात येणार आहे. ते मशीन तिथे चालू असले पाहिजे.

जय भीम.